भिंतीवरचा हिमनग आणि पाण्यातला हिमनग

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळांमध्ये जाण्याचा योग आला की आम्हाला भिंती पाहण्याची सवय आहे. वर्गात, प्रयोगशाळेत, मुख्याध्यापकांच्या खोलीत काय टांगले आहे यावरून शाळेत काय शिकवले जाते याचा थोडाफार अंदाज येतो. या भिंतींवर एक चित्र आम्हाला वारंवार भेटते. निळे पाणी, मधोमध पाण्याची आडवी रेषा, रेषेच्या वर बर्फाचे लहानसे पांढरे टोक आणि खाली त्याच्या कित्येक पट लांबीचा, तळाशी निमुळता होत गेलेला बर्फाचा डोंगर. प्रयोगशाळेत हे चित्र ‘घनता आणि तरंगणे’ या शीर्षकाखाली असते. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्याच चित्रावर वर ‘यश’ आणि खाली ‘कष्ट’ असे लिहिलेले असते.

पुस्तकांची परीक्षणे होतात, पाठ्यपुस्तकांवरही अधूनमधून टीका होते. भिंतीवरच्या तक्त्याचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. वास्तविक पुस्तक वर्षभरात बदलते, तक्ता दहा-पंधरा वर्षे तिथेच असतो आणि शेकडो मुलांच्या डोळ्यांखालून जातो. म्हणून या लेखात आम्ही या एका चित्राची तपासणी करणार आहोत. तपासणीची कसोटी साधी आहे. हिमनदीतून तुटलेल्या बर्फामधून लहान बोट हाकणाऱ्या माणसाच्या हाती हे चित्र नकाशा म्हणून दिले, तर त्याला त्याचा उपयोग होईल, की त्याचा घात होईल?

बोट कोणती?

ही कसोटी आपल्यापासून फार दूरची आहे असे वाचकांनी समजू नये. औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातील समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या. सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, या दोघी तेथे पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला होत. सातारा जिल्ह्यातील गावाशी नाते असलेले नाव दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फापर्यंत पोहोचले त्याला चाळीस वर्षे होऊन गेली.

उत्तर ध्रुवाकडे भारताची पहिली वैज्ञानिक मोहीम २००७ मध्ये गेली. १ जुलै २००८ रोजी नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ऑलेसुंद या वस्तीत ‘हिमाद्री’ हे भारतीय केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. ही वस्ती सुमारे ७९ अंश उत्तर अक्षांशावर, काँग्सफ्योर्ड नावाच्या लांबट खाडीच्या काठी आहे. याच खाडीत २०१४ च्या जुलैमध्ये ‘इंडआर्क’ ही भारतीय निरीक्षणयंत्रणा सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात नांगरून ठेवण्यात आली.

खाडीच्या टोकाशी हिमनद्या थेट पाण्यात उतरतात. त्यांपैकी क्रोनेब्रीन ही स्वालबार्डमधील अतिवेगवान हिमनद्यांपैकी एक आहे. उन्हाळ्यात ती दिवसाला दोन-तीन मीटर सरकते, आणि तिच्या कड्याचे तुकडे कोसळून खाडीत तरंगू लागतात. पाण्याचे नमुने घ्यायचे, क्षारता मोजायची, तर संशोधकांना बोटीने या बर्फात जावे लागते. आपल्या कसोटीतील बोट ही अशी आहे. आता चित्राकडे वळू.

चित्राचे श्रेय

दोष सांगण्याआधी गुण सांगितले पाहिजेत. तरंगणाऱ्या बर्फाचा बहुतांश भाग पाण्याखाली असतो ही गोष्ट हे चित्र एका नजरेत पटवते. शब्दांनी तेवढे काम होत नाही. या प्रकारचे जगभर गाजलेले चित्र अमेरिकी छायाचित्रकार राल्फ क्लेव्हेंजर यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस तयार केले. ते एकच छायाचित्र नसून जोडचित्र आहे. हिमनगाचे दोन भाग दोन वेगळ्या छायाचित्रांतून घेतले आहेत, एक अलास्कातले, एक अंटार्क्टिकातले, आणि दोन्ही पाण्याच्या वर टिपलेली आहेत. दिसते त्यापलीकडे बरेच काही असते ही कल्पना दाखवण्यासाठी ते जुळवले गेले, आणि ते जोडचित्र आहे हे छायाचित्रकाराने लपवलेले नाही. त्यामुळे आमची तक्रार चित्रकाराशी नाही. एका कल्पनेसाठी जुळवलेले चित्र ‘हिमनग असा असतो’ म्हणून विज्ञानाच्या भिंतीवर टांगले गेले, ही आमची तक्रार आहे.

पहिला दोष : उभे राहणे

चित्रातला हिमनग पाण्यात खांबासारखा उभा आहे. खरा हिमनग असा उभा राहू शकत नाही, तो आडवा होतो. हे पटवून घ्यायला ध्रुवावर जावे लागत नाही, शीतकपाट पुरते.

एका उंच, अरुंद पेल्यात पाणी गोठवावे. बर्फाचा व्यास ६ सेंटिमीटर आणि उंची १० सेंटिमीटर असली म्हणजे ठीक. पेला बाहेरून कोमट पाण्यात धरून बर्फ सोडवावा आणि बादलीभर पाण्यात हलक्या हाताने उभा सोडावा. तो क्षणभरही उभा राहत नाही, सरळ कुशीवर पडतो. मग वाटीत गोठवलेला पसरट बर्फ सोडावा. तो मात्र स्वस्थ तरंगतो.

याचे कारण वरिष्ठ विद्यार्थ्यांना सांगता येईल. तरंगणाऱ्या वस्तूचे वजन तिच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाण्याचे प्लावक बल बाजूला सारलेल्या पाण्याच्या मध्यातून वर ढकलते. एकजिनसी बर्फात गुरुत्वमध्य नेहमी या दुसऱ्या बिंदूच्या वरच असतो, म्हणजे बर्फाची मूळ वृत्ती कलंडण्याची आहे. त्याला वाचवते ती रुंदी. रुंद ठोकळा थोडा कलला की कललेल्या बाजूला जास्त पाणी सारले जाते, प्लावक बल त्या बाजूला सरकते आणि ठोकळ्याला पुन्हा सरळ करते. अरुंद ठोकळ्यात हे सरकणे अपुरे पडते.

हिशोब केला तर समुद्रात तरंगणाऱ्या चौकोनी ठोकळ्याची सर्वांत कमी रुंदी त्याच्या उंचीच्या साधारण पाऊणपट तरी असावी लागते. नळाच्या पाण्यात हे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या जवळ येते. पेल्यातील गोल कांडीसाठी व्यास उंचीच्या ०.७८ पट हवा. आपला ६ बाय १० चा पेला त्यात नापास होतो. तक्त्यावरच्या हिमनगाची रुंदी आणि उंची पट्टीने मोजावी. आम्ही पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांवर रुंदी उंचीच्या निम्मीही भरली नाही.

हीच तक्रार अमेरिकेतील हिमनदी-अभ्यासक मेगन थॉम्पसन-मन्सन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीरपणे मांडली. ती वाचून जोशुआ टॉबरर यांनी ‘आइसबर्गर’ नावाचा संगणकीय खेळ बनवला. पडद्यावर बोटाने हिमनग काढला की तो प्रत्यक्षात जसा तरंगेल तसा कलंडून स्थिरावतो. ज्या शाळेत संगणक आहे तिथे हा खेळ अवश्य दाखवावा. नसेल तिथे पेला आणि बादली आहेच.

दुसरा दोष : दशांश कशाचा?

‘हिमनगाचा एक दशांश भाग पाण्यावर असतो’ हे वाक्य चित्राखाली असते. काही ठिकाणी एक नवमांश, काही ठिकाणी एक अष्टमांशही वाचायला मिळते. विद्यार्थी विचारतात, खरे कोणते? शुद्ध बर्फाची घनता सुमारे ९१७ किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२५ धरली, तर ८९.५ टक्के भाग बुडतो आणि १०.५ टक्के वर राहतो. हिमनदीच्या बर्फात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. त्यामुळे घनता ९०० पर्यंत उतरली तर वरचा भाग १२ टक्के, म्हणजे जवळजवळ एक अष्टमांश होतो. बादलीतल्या गोड्या पाण्यात मात्र फक्त ८.३ टक्के, म्हणजे एक द्वादशांश वर राहतो. सारांश, उत्तर ‘कोणता बर्फ आणि कोणते पाणी’ यावर अवलंबून आहे, आणि हे विद्यार्थ्यांना सांगणे पाठांतरापेक्षा महत्त्वाचे आहे.

परंतु खरी चूक वेगळीच आहे. हा दशांश घनफळाचा आहे, उंचीचा नाही. चित्र मात्र तो उंचीत दाखवते. पसरट आणि टोक वर असलेला शंकूच्या आकाराचा हिमनग घ्या. त्याच्या घनफळाचा १०.५ टक्के भाग वर असेल, तर वर दिसणारी उंची एकूण उंचीच्या सुमारे ४७ टक्के भरते, कारण ०.४७ चा घन ०.१०४ होतो. म्हणजे जवळजवळ अर्धी उंची वर! उरलेले घनफळ खाली कमी, पण आजूबाजूला जास्त पसरलेले असते.

बोट हाकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा आहे. चित्र सांगते, धोका टोकाच्या सरळ खाली, खोलवर आहे. म्हणजे टोकापासून दहा-वीस मीटरवरून बोट नेली तरी चालेल. प्रत्यक्षात बर्फाचा ओटा पाण्याखालून आडवा बाहेर आलेला असू शकतो, आणि बोटीचा तळ किंवा पंखा त्यावर आपटू शकतो. चित्रावर विश्वास ठेवणारा नावाडी खोलीला भिईल आणि रुंदीवर फसेल.

तिसरा दोष : एकटा आणि स्तब्ध

चित्रात हिमनग एकच आहे, भलामोठा आहे आणि हलत नाही. खाडीतला बर्फ या तिन्ही बाबतींत उलट असतो.

मोठा हिमनग दुरून दिसतो, त्याला वळसा घालता येतो. लहान बोटीला भय असते ते पाण्याच्या वर जेमतेम हात-दोन हात दिसणाऱ्या तुकड्यांचे. बुडबुडे निघून गेलेला जुना बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो, लाटांमध्ये तो काळ्या पाण्यासारखाच दिसतो. रडारवरही तो सहज सुटतो. असा तुकडा पृष्ठावर मोटारगाडीएवढा दिसला, तर खाली त्याच्या आठ-नऊ पट बर्फ आहे. म्हणून बर्फात बोट संथ चालवतात, एक माणूस पुढच्या टोकाशी नजर ठेवून असतो, आणि बारीक चुरा लांब काठीने बाजूला सारतात. इंजिन थंड ठेवणारे पाणी ज्या तोंडातून आत येते तेही बर्फाच्या चुऱ्याने तुंबू शकते.

बर्फ हलतो, आणि सगळा बर्फ सारखा हलत नाही. मोठ्या हिमनगाचे बूड खोल असते, म्हणून तो खोल प्रवाहाबरोबर जातो. लहान तुकड्यांना वारा ढकलतो. कधी कधी हिमनग वाऱ्याच्या विरुद्ध जाताना दिसतो त्याचे कारण हेच. यातूनच नावाड्याचा एक नियम निघतो. हिमनगाला वळसा वाऱ्याकडच्या बाजूने घालावा, कारण त्याच्यापासून तुटलेला चुरा वाऱ्याबरोबर पलीकडच्या बाजूला पसरलेला असतो. दुसरा नियम असा की पुढची वाट पाहताना मागची वाटही पाहत राहावे. वारा फिरला किंवा भरती-ओहोटी बदलली की आलेली वाट बर्फाने बंद होते.

आणि हिमनग स्तब्ध नसतो. पाण्याच्या रेषेशी लाटा त्याला कुरतडतात, खालचा भाग वितळतो, आकार बदलत राहतो. पहिल्या भागात सांगितलेला रुंदी-उंचीचा तोल एका क्षणी बिघडतो आणि तासन्‌तास शांत असलेला हिमनग एकाएकी उलटतो. उलटताना त्याचा पाण्याखालचा ओटा वर येतो आणि लाट उठते. जाणकार माणूस हिमनगाच्या अंगावरच्या खुणा वाचतो. त्यावर पाण्याच्या जुन्या रेषा तिरप्या दिसल्या तर तो पूर्वी फिरला आहे. एखादी बाजू ओली, गुळगुळीत, निळी असेल तर तो नुकताच फिरला आहे, आणि पुन्हा फिरू शकतो. हिमनदीच्या कड्याच्या बाबतीतही सुरक्षित अंतर कड्याच्या उंचीच्या कित्येक पट ठेवतात. चित्रात या कशाचाच मागमूस नाही.

चित्र मुके आहे हे तर उघडच आहे. खाडी मात्र मुकी नसते. हिमनदीच्या बर्फात दाबाखाली कोंडलेली हवा वितळताना फुटून बाहेर येते आणि तडतड आवाज होतो. हिमनद्या जिथे समुद्राला मिळतात अशा खाड्या पाण्याखाली निसर्गतःच अतिशय गोंगाटाच्या असतात, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले.

नावांचा मोह

इथे भाषेविषयी दोन शब्द. ‘नग’ म्हणजे पर्वत. संस्कृतात त्याची फोड ‘जो जात नाही तो’ अशी होते. म्हणजे जो बर्फ सतत जातो, फिरतो, उलटतो त्याला आपण ‘न जाणारा’ असे नाव दिले आहे. शब्द रूढ आहे आणि तो बदलावा असे आम्ही सुचवत नाही. पण वर्गात शब्दाची फोड करून त्यातला विरोध दाखवला तर एक तास फार चांगला जाईल.

असाच प्रकार काँग्सफ्योर्डमध्ये आहे. तिथल्या एका भूभागाचे नाव ब्लूमस्ट्रांडहाल्वओया. त्यातल्या ‘हाल्वओया’चा अर्थ द्वीपकल्प. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हिमनदी मागे हटली आणि ज्याला द्वीपकल्प समजत होते ते बेट निघाले. मुख्य भूमीशी जोडणारा पूल जमिनीचा नसून बर्फाचा होता. नाव मात्र नकाशावर तसेच राहिले. चित्र, शब्द, नकाशा, तिन्ही उपयोगी असतात. पाण्यात उतरताना मात्र पाण्याकडे पाहावे लागते.

सांगलीच्या पाण्यात

एखादा शिक्षक म्हणेल, कृष्णेत हिमनग येत नाही, मग एवढी चिकित्सा कशाला? बर्फ येत नाही, पण बोट येते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. गावेच्या गावे पाण्यात होती आणि माणसे बोटींतून बाहेर काढली जात होती. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि दहाहून अधिक जण बुडाले. त्या दुर्घटनेचा निवाडा करणे हे आमचे काम नाही. पण तरंगणारी वस्तू कधी उलटते हा प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या मुलाला परका नाही, एवढे त्यावरून ध्यानात यावे. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांच्या आठवणीत आहेत.

बोटीचे शास्त्र पेल्यातल्या बर्फाचेच आहे. माणसे खाली बसली तर गुरुत्वमध्य खाली राहतो. ती उभी राहिली की तो वर चढतो. सगळी एका काठाकडे धावली की तो बाजूला सरकतो. जास्त माणसे घेतली की बोट खोल बसते, आणि थोडे कलताच काठावरून पाणी आत येते. बामणोली किंवा तापोळ्याला कोयनेच्या शिवसागर जलाशयात लाँचमध्ये बसताना नावाडी उभे राहू नका म्हणतो, तो शिस्तीसाठी नव्हे. पुरातल्या पाण्यात वाहत येणारा, जेमतेम पाठ दिसणारा ओला ओंडका आणि खाडीतला पारदर्शक बर्फाचा तुकडा यांचा धोकाही एकाच जातीचा आहे.

‘तरंगते की बुडते’ एवढेच शिकवून आपण थांबतो. ‘तरंगते, पण कोणत्या बाजूवर?’ हा दुसरा प्रश्न आपल्या अभ्यासात जवळजवळ नसतो. उभ्या हिमनगाच्या चित्राने तो प्रश्न झाकला जातो. घनता कमी असली की वस्तू कशीही उभी तरंगेल, असा समज ते नकळत करून देते. आमच्या मते चित्राचा सर्वांत मोठा दोष हाच आहे.

तक्ता काढावा काय?

आमचे उत्तर नाही असे आहे. तक्ता राहू द्यावा आणि त्याचा उपयोग चूक शोधण्यासाठी करावा. विद्यार्थ्यांच्या दोन-तीन गटांना वेगवेगळ्या आकारांच्या भांड्यांत बर्फ करून आणायला सांगावे. पाण्यात सोडण्याआधी प्रत्येकाने तो कसा तरंगेल याचे चित्र वहीत काढावे, नंतर जसा तरंगला तसे दुसरे चित्र काढावे. बादलीत मूठभर मीठ विरघळवून वरचा भाग वाढतो का ते पाहावे. मग पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची होडी घेऊन तिच्यात दगड आधी तळाशी ठेवून आणि नंतर उंच रचून कलवून पाहावी. शेवटी सर्वांनी भिंतीवरच्या तक्त्यापाशी यावे आणि त्यातला हिमनग बादलीत सोडला तर काय होईल ते सांगावे.

ज्या वर्गातली मुले तक्त्याखाली पेन्सिलीने ‘हा पडेल’ असे लिहितील, त्या वर्गात तक्त्याने आपले काम केले असे आम्ही मानू.